शाळेतली एकवीस कपाटं

प्रल्हाद, शाळेत तू भिंतींना आवळलेली एकवीस कपाटं मी ओढून पाहिली. सगळी, एकेक करून, काट्यावर. तू असतास तर ओढू दिली नसतीस, म्हणून तू गेल्यावर ओढली. तुझ्या तेरवीनंतरचा पहिला रविवार होता. गावात अजून बोलतात, मेलेल्या माणसाची इज्जत काढायला मापारी काटा घेऊन आला. मी त्यांना खोटं ठरवत नाही. पण त्या कपाटांखाली पोरं बसतात, आणि जमीन हलली तर ती कपाटं भिंतीला धरून राहतील की पोरांवर येतील, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत आहे, असं तू म्हणायचास. मला माहीत आहे, असं मी म्हणायचो. आपण दोघंही न मोजता बोलत होतो.

हे छापून येणार आहे, म्हणून तुला माहीत असलेल्या दोन-चार गोष्टीही लिहितो. तू माझा साडू. माझी बायको शोभा, तिची धाकटी बहीण रेखा ती तुझी बायको. मी बाजार समितीत मापारी, तेवीस वर्षं काट्याची सुई पाहतो. तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शेवटपर्यंत मला अहोजाहो केलंस, आणि माझा अपमानही अहोजाहोतच केलास.

बारा वर्षं तू दूरच्या शहरात भूकंपाच्या एका प्रयोगशाळेत होतास. तिथं खोलीएवढं लोखंडी टेबल असतं, ते भूकंपासारखं हलवतात. त्याच्यावर खोटी छतं, काचेची दारं, पाण्याचे पाइप, पुस्तकांचे रॅक उभे करून बघतात, आधी काय पडतं. कंत्राट संपलं तसा तू रेखाला घेऊन संग्रामपूर तालुक्यातल्या या आपल्या गावी परत आलास. पहिल्याच आठवड्यात आमच्याकडं जेवायला बोलावलं. ताट वाढलेलं होतं, आणि तू आमच्या माजघरातल्या तसबिरीकडं बघत उभा होतास.

"भाऊ, हे तुमचे आजोबा काय?"

"हो."

"कशानं गेले?"

"म्हातारपणानं. झोपेत."

"मंग नातवाले काऊन मारून राह्यले? एका खिळ्यावर टांगले, अन् खाली तुमची उशी."

शोभा इतकी हसली की तिच्या हातातली भाजी सांडली. तू जेवायच्या आधी माझा पलंग स्वतः ओढून दुसऱ्या भिंतीला लावलास. मी म्हणालो, आपल्याकडं कुठला आला भूकंप? मराठवाड्याकडून कधी तरी भांडी वाजवणारा हलका धक्का येतो, तेवढाच. तू म्हणालास, "येईल तवा मापाऱ्याले इचारून येईल काय?" आणि मग गंभीर होऊन, भाकरी मोडता मोडता, "बिल्डिंग नाही मारत, भाऊ. बिल्डिंगमधलं मारते. भिंत उभीच रायते अन् कपाट माणसावर जाते. मी बारा वर्षं हेच पाह्यलं."

पलंग अजून त्याच भिंतीला आहे. एवढ्याबद्दल तुझे आभार मानतो. पुढचं ऐक.

तुला टेबल हवं होतं. माझ्या वावरात सोयाबीनचा जुना थ्रेशर गंजत पडला होता. त्याची चाळणी पुढं-मागं हलते, दाणा एकीकडं आणि कचरा एकीकडं. तू म्हणालास, हेच ते. थ्रेशर माझा, डोकं तुझं. तो तुझ्या अंगणात विटांच्या चार ओट्यांवर चढवला, वरचं सगळं काढून टाकलं, चाळणीवर फळ्या ठोकल्या. मोटरीला तीन चाकं: लहान, मधलं, मोठं. चाक बदललं की हलण्याचा जोर बदलायचा. नोंदी मी ठेवायच्या ठरलं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आहे: चाळणी सहा फूट बाय चार, पत्र्याचं भोक आठ मिलिमीटर, एका हेलकाव्यात सरक चार सेंटिमीटर. तू हसलास. "भोकं काऊन मोजली, भाऊ? भूकंप भोकातून येते काय?" मी म्हणालो, जे समोर आहे ते मी मोजतो.

त्या वर्षी आपण गावातलं काय काय हलवलं! गॅसची टाकी. रेखाच्या एकावर एक ठेवलेल्या ट्रंका. पितळी डबे लावलेली मांडणी. ती पडली तेव्हा तिचा आवाज ऐकून शेजारचे बैल दावं तोडून गेले. सरपंचाची तिजोरी, जी हलली नाही, आणि जिच्याबद्दल तू सरपंचालाच म्हणालास की हिच्यात काही नसतं तर पडली असती. मग शाळेचं लोखंडी कपाट आलं. उंची साडेसहा फूट, खोली दीड फूट. खाली भरलं तर मोठ्या चाकावरही उभं राहायचं. वर भरलं, आणि शाळांमध्ये जड वह्यांचे गठ्ठे वरच ठेवतात, तर मधल्या चाकावरच आडवं. मग तू ते वरून एका लोखंडी पट्टीनं चौकटीला बांधलंस आणि मधे माझा टांगता काटा अडकवलास, गावोगावी कापूस तोलायला वापरायचो तो, शंभर किलोचा. मोठ्या चाकावर कपाट हललं, पडलं नाही. पट्टीनं खाल्लेली जास्तीत जास्त ओढ बहात्तर किलो.

"साडभाऊ, बहात्तरच लिहा," तू पन्नास माणसांसमोर ओरडलास. "कापसात दोन किलो कमी धरता तसं नका करू."

लोक हसले. तेवीस वर्षांत मी एक किलोसुद्धा कमी लिहिलेला नाही. हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू ते बोललास.

नंतरचं मात्र मी माफ केलेलं नाही. शाळेतल्या पालकांना तू अंगणात बोलावलंस. आदल्या दिवशी मला निरोप, वीस किलो सरकी तोलून आणा. कशाला, ते सांगितलं नाहीस. मी जिनिंगवरून आणली, तोलली, दिली. दुसऱ्या दिवशी टेबलावर कपाट उभं, वर गठ्ठे भरलेले, पट्टी न बांधता, आणि कपाटासमोर एक पोतं मांडी घालून बसवलेलं. पोत्याला शाळेचा निळा फ्रॉक घातलेला. शोभा माझ्या शेजारी होती. तिनं माझं मनगट धरलं. खिशाला लाल दोऱ्याचा रफू होता. तो तिनं स्वतः केला होता, आमच्या स्नेहलच्या फ्रॉकला, ती पहिलीत असताना. तू रेखाकरवी आमच्या ट्रंकेतून तो मागवला होतास. रेखाला म्हणाला होतास, माप घ्यायचं आहे.

तू मोटर सुरू केलीस. कपाट दोन वेळा मागं-पुढं झालं आणि त्या फ्रॉकवर गेलं. पोतं फाटलं. सरकी आयांच्या पायांपर्यंत वाहत आली. तू मोटर बंद केलीस, आणि हात झटकत म्हणालास, "वीस किलो. पहिलीतलं लेकरू. आमच्या साडभाऊनं तोलून देलं."

शोभा उठून घरी गेली. फ्रॉक रेखानं धुऊन आणून दिला, तो शोभानं घेतला नाही. मी तुला विचारलं, दुसऱ्या कोणाचा फ्रॉक नव्हता का? तू म्हणालास, "दुसऱ्याच्या पोरीचा असता तर तुमी एवढे हलले असते काय?" पण माफ केलेलं नाही.

तुला जे हवं होतं ते झालं. त्याच आठवड्यात शाळेनं तुला परवानगी दिली. पंधरा दिवसांत तू एकवीस कपाटांना पट्ट्या मारल्यास. प्रत्येक कपाटाच्या माथ्यावर एक पट्टी, पट्टीचे दोन स्क्रू भिंतीत, वर शाळेच्याच हिरव्या ऑइलपेंटचा हात. पेपरात फोटो आला. गाव तुला भूकंपवाले सर म्हणू लागलं. मोताळ्यापासून माणसं तुझं टेबल बघायला येत. तू ताठ चालायला लागलास, आणि मला ते बघवत नव्हतं, हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं त्यात याचाही वाटा आहे.

शंका मला रजिस्टर चाळताना आली. टेबलावर तू पट्टी बांधली होतीस थ्रेशरच्या लोखंडी चौकटीला. शाळेत लोखंडी चौकट कुठं आहे? शाळेच्या भिंती जुन्या, मातीच्या गाऱ्यातली वीट, वरून नंतर केलेलं सिमेंटचं प्लॅस्टर. स्क्रू अंगठ्याएवढा. पट्टी बहात्तर किलो सोसेल. भिंत सोसेल का? आपण एवढं सगळं हलवलं, आणि ज्याच्यावर सगळं टांगलेलं, ती भिंत टेबलावर कधी आलीच नव्हती.

तुला सांगितलं. तू विडी विझवत म्हणालास, "भिंत सरकारची हाये, भाऊ. तुमी कापूस तोला."

म्हणून मी तुझ्या माघारी हेडसरांच्या ऑफिसातलं एक कपाट ओढून पाहिलं. पट्टी कपाटापासून सोडवली, पट्टीला काटा, काट्याला दोर, दोराला कुंपणाची तार ताणायचं यंत्र, आणि ते समोरच्या खिडकीबाहेर आडव्या लावलेल्या जाड लाकडी बल्लीला. हेडसर दाराशी उभे. सुई सव्वीसवर गेली आणि स्क्रू मातीसकट बाहेर आला, पिकलेलं फळ देठातून सुटावं तसा. आत पिवळी माती दिसत होती.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी ते तुझ्यापुढं धरलं. हेडसर होते, दोन मास्तर होते.

"सव्वीस," मी म्हणालो. "बहात्तर पाहिजे. एकवीसच्या एकवीस कुचकामी."

तू स्क्रू हातात घेऊन बघितलास. मग म्हणालास, "एक ओढला अन् एकवीसची खबर काढली?"

हे वाक्य मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं. बाजारात एक पोतं तोलून एकवीस पोत्यांचं वजन लिहिणाऱ्याला मी चोर म्हणतो, आणि तू बरोबर तिथंच बोट ठेवलं होतंस. म्हणून मी दुसरंच बोललो. मी म्हणालो, "तू तिथं काय करत होतास ते मला माहीत आहे प्रल्हाद. टेबलाचे बोल्ट आवळत होतास. इंजिनियर नव्हतास. कंत्राटावरचा फिटर होतास."

हे तूच मला सांगितलं होतंस, एकदा, दोघंच वावरात बसलो असताना. आणि सांगून झाल्यावर म्हणाला होतास, "गावात नका सांगू."

दोन मास्तरांपैकी एक हसला. तू स्क्रू खिशात घातलास आणि निघून गेलास. घरी येऊन मी रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं: शाळा, कपाटं २१, धरतील अशी ०. खाली सही केली.

दिवाळीनंतर मी तुझ्या अंगणात आलो तर थ्रेशर नव्हता. विटांचे चार ओटे तेवढे. तू बाजेवर पडून होतास, कमरेला गरम पट्टा.

"थ्रेशर कुठं आहे?"

"नाही."

"भंगारात विकला? माझा थ्रेशर?"

"हाव. विकला," तू म्हणालास, आणि हसलास.

मी रेखासमोर म्हणालो, परीक्षेत नापास झालेलं पोरगं पाटी फोडतं, तसं आहे हे. त्यानंतर चार महिने मी तुझ्या दारात आलो नाही. ते कमरेचं दुखणं कमरेचं नव्हतं, हे अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा दोन महिने उरले होते.

दवाखान्यात मी पाच वेळा आलो. चार वेळा आपण पाऊसपाण्याचं बोललो, सोयाबीनच्या भावाचं, स्नेहलच्या परीक्षेचं. पाचव्या वेळी दुपार होती, रेखा औषधं आणायला खाली गेली होती. तुझे हात इतके बारीक झाले होते की सलाइनची पट्टी दोनदा गुंडाळली होती. तू डोळे मिटूनच विचारलंस, "साडभाऊ, एकवीस कपाटं. किती धरतील?"

मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं, ते मलाही कळतं. शोभा असती तर म्हणाली असती, सगळी. मी म्हणालो, "एकही नाही."

तू डोळे उघडलेस. "एकही नाही?"

"एकही नाही."

तू भिंतीकडं तोंड केलंस. मग बोटाच्या पेरानं दवाखान्याची भिंत दोनदा वाजवून पाहिलीस. "हे बी पोकळ," म्हणालास. तुझं माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. मला वाटलं, हरला. मी जिना उतरताना मला बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवतो.

तेरवीला शाळेच्या पटांगणात सभा झाली. सरपंच म्हणाले, पहिलीच्या वर्गाला प्रल्हादचं नाव देऊ. हेडसर म्हणाले, आज आपली एकवीस कपाटं सुरक्षित आहेत ती प्रल्हादभाऊंमुळं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सव्वीसवर गेलेली सुई त्यांनीही पाहिली होती. मग मला बोलायला उठवलं. मी म्हणालो, "रविवारी मी काटा घेऊन येतो. बोलायचं ते त्यानंतर." आणि बसलो. मागून कोणी तरी म्हणालं, "काय माणूस हाये बाप्पा हा." रेखानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली, ऑफिसातल्या कपाटाचे आधीचे सव्वीस हा पहिला आकडा धरून. वीस-पंचवीस माणसं जमली, तमाशाला जमतात तशी. रेखाही आली आणि व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसली, शोभा तिच्या शेजारी. तू लावलेल्या प्रत्येक पट्टीला मी काटा लावला, सुईचा आकडा मोठ्यानं वाचला, रजिस्टरात लिहिला. चौथी, एकतीस किलो, स्क्रू बाहेर. चौथीतलंच दुसरं, बावीस. तिसरी, अठरा, तिथं प्लॅस्टरचा ताटाएवढा तुकडा घेऊन स्क्रू आला. प्रत्येक वेळी मातीची धार भिंतीवरून खाली यायची आणि कोणी तरी "गेलं!" म्हणायचं. सहाव्या कपाटापर्यंत लोक आकड्यांवर पैजा लावायला लागले. "पंचवीसच्या वर नाही जात!" "अरे भूकंपवाले सर, तुमच्यापेक्षा तर आमच्या म्हशीचा खुंटा बरा!" तुझ्या बायकोच्या देखत. मी त्यांना गप्प केलं नाही. मी सुई वाचत होतो. नवव्या कपाटानंतर रेखा उठून गेली. शोभा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "झालं ना सिद्ध? आता पुरे करा." मी म्हणालो, बारा राहिलेत. तीही गेली.

सतरा झाली. सगळ्यांत जास्त एक्कावन्न. एकही बहात्तरला पोचलं नाही. लोकांना कंटाळा आला होता, बरेचसे पांगले. राहिला पहिलीचा वर्ग. त्या खोलीत चार कपाटं, कारण शाळेचं भांडारही तीच. हेडसर म्हणाले, "राहू द्या आता. कळलं." मी तरी गेलो. एक पोतं तोलून एकवीस लिहिल्याचं मला खुपत होतं आणि ते मिटवायचं होतं.

अठरावं. सुई वीसवर, चाळीसवर, साठवर. मला वाटलं दोर कुठं तरी अडकला. सोडून पुन्हा लावला. साठ, बहात्तर, ऐंशी, शंभर. काटा संपला. पट्टी जागची हलली नव्हती, रंगाला चीरही नव्हती. एकोणिसावं, शंभर. विसावं, शंभर. एकविसावं, शंभर, आणि बल्ली कडकन वाजली म्हणून मी सोडलं.

मी स्टुलावर चढून बघितलं. पट्टीवरच्या स्क्रूंच्या डोक्यांवर रंगाचे जाड थर. नखानं खरवडलं. स्क्रू नव्हते, बोल्ट होते. मग मी शाळेच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं छातीएवढं गाजरगवत, कोणी जात नाही. ते तुडवत भिंतीपर्यंत पोचलो. बोल्ट भिंतीतून आरपार बाहेर आले होते, आणि बाहेरून प्रत्येक जोडीखाली वीतभर लांब-रुंद लोखंडी पट्टा, नटांनी आवळलेला, म्हणजे ओढ एका मुठीएवढ्या मातीवर न येता सगळ्या भिंतीवर यावी. पट्ट्याखाली पत्रा होता. पत्र्याला गोल भोकं होती. खिशातली मोजपट्टी काढून मी भोक मोजलं. आठ मिलिमीटर.

तू थ्रेशर विकला नव्हतास.

किती वेळ उभा होतो ते मोजलं नाही. हेडसर मागून हाका मारत होते.

तिथून मी रेखाकडं गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, मला बघून तोंड फिरवलं. मी उभ्यानंच सांगितलं, चार धरली. पहिलीच्या वर्गातली चारही. तिनं तोंड परत माझ्याकडं वळवलं. मग म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी कमरेले पट्टा बांधून जात. मी म्हणे, कुठी? तर म्हणत, फिराले." वाकून तिनं बाजेखालून एक पोतं ओढलं. "भंगारवाल्याले द्यायचं होतं. जड हाये म्हणून राह्यलं." पोत्यात शाळेमागं दिसले तसेच कापलेले, बोल्टांसाठी भोकं पाडलेले लोखंडी पट्टे होते.

मग ती म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? तुमी दवाखान्यातून गेले त्या दिवशी ते मले म्हणे, साडभाऊ चारनं चुकले. अन् लय हसले. मले काही समजलं नाही. मी म्हणलं, ताप डोक्यात गेला."

प्रल्हाद, हे तू मला सांगू शकत होतास. एक वाक्य होतं. मी पलंगाशेजारी उभा होतो, तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस, दुसऱ्यांदा विचारलंस, मला आकडा बदलायची संधी दिलीस, आणि मी तोच आकडा पुन्हा सांगितला. मग तू भिंत वाजवलीस, आणि मी गेल्यावर बायकोजवळ हसलास. तू मला चुकीच्या वजनावर सही करू दिलीस. व्हरांड्यातल्या वाक्याचा वचपा म्हणून असेल. किंवा तुला खात्री असेल की हा माणूस काटा घेऊन येणार, सगळी एकवीस ओढणार, आणि त्याला आपोआप कळेल. यातलं कोणतं, ते आता कुठल्याच काट्यावर येत नाही. फिटर म्हणालो त्याबद्दल माफी मागायची होती. बोल्ट फिटरनंच आवळले होते, आणि गावातली चार कपाटं आज त्यांच्यावर उभी आहेत.

पैजा लावणाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी शाळेमागं नेऊन ते पट्टे दाखवले. कोणी हसलं नाही. वर्गाला तुझं नाव द्यायचं ते देतील. सतरा कपाटं मी रिकामी करून जमिनीवर आडवी झोपवायला लावली आहेत, आरपार बोल्ट बसेपर्यंत. शोभानं त्या दिवशी रेखाकडून तो निळा फ्रॉक मागून घेतला. का, ते मी विचारलं नाही.

रजिस्टरात शून्य खोडून चार केले आणि शेजारी सही केली. मग पोत्यातले पट्टे ओट्यावर ओतून मोजले. दोनदा मोजले, रेखाकडूनही मोजून घेतले. चौदा आहेत. राहिलेल्या कपाटांना सतरा लागतात.

तू तीननं चुकलास, प्रल्हाद.